तुझी नळी, माझी नळी

साल दोन हजार आठ. मी त्रेसष्ट वर्षांचा, पोटात नळी घेऊन फिरणारा, आणि तू मला ओरडायला सकाळी सकाळी माझ्या दारात उभा. वसू, तुझं माझं शेवटचं बोलणं झालं ते भांडणच झालं. लोक हळहळतात. मी म्हणतो, बरं झालं. गोड बोलून गेला असतास तर तो माझा भाऊ होता का दुसराच कोण, असा मला संशय आला असता.

मी चौथी शिकलेला माणूस. तरी हे माझं मी लिहितोय. सुमन म्हणाली, भाऊजी, तुम्ही सांगा, पोरगी लिहून घेईल. मी म्हटलं, न्हाय. माझ्या भावाला जे सांगायचं ते दुसऱ्याच्या हातानं सांगणार न्हाय. तुझी बायको गप्प बसली. माझ्यापुढं गप्प बसायचं तिला तूच शिकवलंस. स्वतः मात्र कधी शिकला नाहीस.

तुला एक बातमी द्यायची आहे. गेले काही दिवस ती पोटात घेऊन बसलोय. ती ऐकून उडी मारणारा माणूस अख्ख्या भाईंदरात एकच होता, आणि नेमका तोच उठून गेला. बातमी मी शेवटी सांगणार. तुला मधेच तोडायची सवय होती, आता तोडता येत नाही, एवढा एक फायदा मला झालाय तो घेऊ दे.

आधी पहिल्यापासून सांगतो. तुझ्या दोन्ही किडन्या बसल्या तेव्हा तू पन्नाशीचा पण नव्हतास. पाणीखात्यात नोकरी, दिवसभर लोकांच्या नळाला पाणी सोडायचं, आणि स्वतःला मोजून घोटभर पाणी. मीठ बंद. मिठागरवाल्याच्या घरात ताटाला मीठ नाही! आई असती तर तिनं डॉक्टरालाच ताट वाढलं नसतं. आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या मशीनवर जायचास, आलास की भिंतीकडे तोंड करून पडायचास. मग माझी किडनी जुळते का बघितली. जुळली. डॉक्टर म्हणाले, तुमचं वय जास्त आहे, विचार करा. मी म्हटलं, साहेब, मिठाची टोपली डोक्यावर घेऊन चाळीस वर्षं बांधावरून चाललोय, आतलं सामान पक्कं हाय. तपासलं तर खरंच पक्कं निघालं. त्या दिवशी मी स्टेशनपासून घरापर्यंत छाती काढून चालत आलो, रिक्षा केली नाही.

ऑपरेशन झालं. मी शुद्धीवर आलो तेव्हा कुशीत आग होती, पण पहिला प्रश्न मी एकच विचारला, वसूला लघवी झाली का? सिस्टरबाई हसून म्हणाल्या, काका, टेबलावरच धार लागली. वसू, ते ऐकून मला जे वाटलं ते मी तुला कधी सांगितलं नाही. भरतीला बांधातलं उघाडीचं दार वर घेतलं की खाडीचं पाणी कसं आवाज करत तळ्यात शिरतं, तसं झालं मला. माझी किडनी, दुसऱ्याच्या पोटात नेऊन लावली, आणि नेल्या नेल्या कामाला लागली. आपल्या घराण्याचं पाणी दाखवलं तिनं.

आणि मग घरी आल्यावरचा तो तांब्या. आठवतो? सुमननं भरून आणला, तू दोन्ही हातांनी धरलास आणि एका दमात रिकामा केलास. हनुवटीवरून पाणी छातीवर, छातीवरून लुंगीवर. आम्ही सगळे असे बघत उभे, जसा कोण जादूगार बघावा. तू तांब्या खाली ठेवलास आणि म्हणालास, गोड हाय. नळाचं पाणी, तूच सोडलेलं, पण गोड हाय.

तेव्हा सगळं चांगलं चाललं होतं. भांडण लागलं ते नळीवरून.

तुझी नवी किडनी जिथं मूत्राशयाला जोडली, तो सांधा गळू नये, आवळू नये म्हणून आत एक मऊ बारीक नळी ठेवली होती. दोन्ही टोकं गोल वळलेली, म्हणजे सरकणार नाही. स्टेंट म्हणतात तिला. काही आठवड्यांनी सांधा भरला की ती काढायची, असं आधीच ठरलेलं. पण तारीख जवळ आली आणि तुला ताप यायला लागला. मोठा नाही, संध्याकाळचा बारीक ताप. गोळ्या दिल्या की जायचा, गोळ्या संपल्या की परत. लघवी तपासली तर स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, नळीवर जंतूंचा थर बसला असणार. शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून तुम्ही ज्या गोळ्या घेता त्यांनी अंगातले पहारेकरी झोपवून ठेवलेत. तेव्हा हा थर आत ठेवणं बरं नाही. ताप किडनीपर्यंत चढला तर किडनी जाईल. नळी लगेच काढू.

घरी आल्यावर तू मला हे सांगितलंस आणि मी म्हटलं, नळी काढायची न्हाय.

आता हे सगळ्यांना वेडेपणा वाटेल, पण तुला ठाऊक होतं मी कुठून बोलत होतो. आपल्या मिठागरात खाडीचं पाणी पहिल्यांदा मोठ्या तळ्यात घ्यायचं. तिथं ते उन्हानं आटत आटत पुढच्या तळ्यात जायचं, आणि अगदी शेवटी वाफ्यात मीठ व्हायचं. त्या पहिल्या तळ्याच्या तळाला बुळबुळीत थर धरतो, दुधावरच्या सायीसारखा. बाबांनी आपल्याला त्या तळ्यात पाय आपटला तर काठीनं मारलेलं आहे. कारण तो थर फाटला की पाणी खाली चिखलात मुरून जातं. थर बसलाय म्हणजे तळं बसलं. बसलेलं हलवायचं नाही. माझ्या डोक्यात सरळ हिशेब होता: किडनी म्हणजे तळं, थर बसला म्हणजे आता ती पाणी धरणार. लघवी स्वच्छ येतेय, मग आत लोखंडाची दुर्बीण घालून ढवळायचं कशाला?

तू म्हणालास, दादा, ते तळं नाही, तो पाइप हाय. मी पाइपातला माणूस हाय. वरून कितीही औषध टाका, नळाला पाणी स्वच्छ येतं, वास पण येत नाही. पाइप कापला की आत बोटभर बुळबुळीत. औषध वरच्यावर धुऊन जातं, आतले मजेत. तो पाइप काढूनच टाकावा लागतो.

मी म्हटलं, तू पाण्याचं बिल वसूल कर. किडनी माझी हाय, तिचं मला कळतं.

तेव्हा तू उठून उभा राहिलास. अंगात ताप, डोळे लाल. जन्मात माझ्यापुढं आवाज चढवला नव्हतास.

"दिलीस ना दादा? का उसनी दिलीस?" एवढंच म्हणालास. "दिली असशील तर आता ती माझी हाय. आणि मी तिला मरू देणार न्हाय."

मी बोलणं तिथंच टाकून निघून आलो. रात्रभर मनात तुला काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही, पोरगी वाचणार आहे. पण खरी गोष्ट अशी की चिडलो होतो तरी आत कुठंतरी बरं वाटत होतं. भिंतीकडे तोंड करून पडणारा माणूस उठून माझ्याशी भांडत होता. एवढा जोर कुठून आला तुझ्यात? माझ्याच किडनीचा जोर तो, माझ्यावरच चालून आला.

दुसऱ्या दिवशी तू हॉस्पिटलात निघालास, तर मी मागून निघालो. अडवायला. रस्ताभर दोघं एकमेकांशी बोललो नाही, सुमन मधे बसलेली. मी काय अडवणार, तुला आत नेलं आणि थोड्या वेळात बाहेर पण आणलं. तोंड वाकडं केलेलं, पण चालत. आणि तुझ्या मागून एक डॉक्टरीणबाई आली, हातात झाकणाची बाटली, बाटलीत तुझी नळी. केरळची होती, मराठी शिकून बोलायची. ती जंतूंच्या विभागातली. काढलेल्या नळ्यांवर काय वाढतं ते ती बघत होती, सगळ्या पेशंटांच्या नळ्या गोळा करून. म्हणाली, तुमची नळी मला अभ्यासाला द्याल का? तू म्हणालास, घ्या, पण मला पण दाखवा. मी म्हटलं, मला पण. किडनीवाला मी हाय.

तिनं हसून आम्हाला थांबवलं. तुकडा कापून, रंग लावून काचेवर तयार होईपर्यंत आपण दोघं त्या बाकावर शाळेतल्या पोरांसारखे बसलो. अजून बोलत नव्हतोच. मग तिनं बोलावलं आणि मोठा म्हणून मी आधी मायक्रोस्कोपला डोळा लावला.

अरे वसू! मी तुला तेव्हा काहीच नीट सांगू शकलो नाही, तर आता ऐक. मी बाबांबरोबर तळ्यात उतरलो तेव्हापासून तो थर पायाखाली होता. पायाला कळायचा, डोळ्याला नाही. आणि इथं तो दिसत होता. जांभळे जांभळे ठिपके, घोसच्या घोस, आणि त्यांच्या भोवती धुरकट चिकट असं काहीतरी, जसं पोह्यांत दही कालवलेलं. बाई म्हणाली, हे जंतू एकेकटे राहत नाहीत. जागा मिळाली की चिकटतात आणि आपल्या अंगातूनच चिकट काढून घर बांधतात. लघवीबरोबर वाहत जाणारे औषधानं मरतात, म्हणून तपासणी स्वच्छ येते. घरातले मरत नाहीत. मी विचारलं, छप्पर असतं का? ती म्हणाली, असंच समजा. मी विचारलं, पाणी जायला वाटा? ती म्हणाली, हो, वाटा पण असतात. मी डोळा काढेना. आतमध्ये अख्खं गाव वसलेलं होतं, वसू, पाण्यातलं गाव, आणि माझ्या आगरी डोळ्याला त्यातला बांध न् बांध ओळखीचा वाटत होता.

आणि तू मागून माझा सदरा ओढत होतास. "सरक ना दादा. नळी माझी हाय."

मी नाही सरकलो. तू ढकललंस तेव्हा सरकलो. आदल्या दिवसापासून आपण बोललेले पहिले शब्द ते. तू डोळा लावलास आणि शिट्टी वाजवलीस, हॉस्पिटलात. सुमननं कपाळावर हात मारला.

मी बाईला तळ्याची गोष्ट सांगितली. तिला भारी गंमत वाटली. म्हणाली, काका, तो पण असाच थर, त्याच जातीचं काम. तळ्यात हवा, नळीत नको. झालं! तू बाहेर येऊन म्हणालास, ऐकलंस, नळीत नको म्हणाली. मी म्हटलं, तू ऐकलंस का, तळ्यात हवा म्हणाली. दोघंही जिंकून घरी आलो. ताप तुझा गेला तो परत आला नाही. एवढं मात्र मी बघितलं, बोललो नाही.

पुढं तू माझ्या डोक्याला जो ताप दिलास तो वेगळाच. पाणीखात्यातून प्लास्टिक नळीचे दोन तुकडे आणलेस, दोरीला बांधलेस, एक पहिल्या तळ्यात बांबूला लटकवलास, एक शेवटच्या वाफ्यात. तळ्यातला तुझा, वाफ्यातला माझा. रोज सकाळी दोन म्हातारे बांधावर उकिडवे बसून दोऱ्या वर ओढतायत. मिठागरावरचे मजूर विचारायचे, मासा लागला का? तळ्यातली नळी लगेच बुळबुळीत झाली, तू नाचलास. पण वाफ्यातली? त्या जाड पाण्यात बुळबुळीत काही धरलं नाही, तिच्यावर चढलं मीठ. पांढरे टोकदार खडे, नळीभर, उन्हात असे चमकायचे की बायकांच्या गळ्यात घालावी. तू पुढच्या तपासणीला गेलास तेव्हा बाईला मुद्दाम सांगितलंस. ती म्हणाली, पोटातल्या नळीचं पण तसंच. जास्त दिवस ठेवली तर तिच्यावर खडे चढतात, मग ओढून निघत नाही, खरवडत येते. तू परत येऊन मला हे तीनदा सांगितलंस. मला तेव्हा काय माहीत, माझीच पाळी येणार आहे.

पाच वर्षं तुझी किडनी चालली. बघ, लिहिताना तुझी लिहिलं. राहू दे आता तसंच.

आणि या वर्षी माझ्या उरलेल्या एका किडनीत खडा अडकला. खडा काढला आणि डॉक्टरांनी मला पण नळी ठेवली, काही आठवड्यांनी या म्हणाले. मी गेलो नाही. दुखत नव्हतं. कधी लघवी लाल यायची, ती मी कोणाला सांगितली नाही. पण तू माझ्या संडासाबाहेर पहारा केल्यासारखा वागायचास. रोज विचारायचास, काढली का. मी रोज काहीतरी उत्तर द्यायचो. एकदा म्हटलं, बसलीय चांगली, हलवू कशाला.

त्या मंगळवारी सकाळी तू दारात आलास आणि सांगितलंस की मला न विचारता हॉस्पिटलला फोन करून गुरुवारचा नंबर लावलाय. मी चहा पण पुढं केला नाही. म्हटलं, माझ्या अंगाचा नंबर तू कोण लावणार? जीभ सुटली होती माझी. म्हटलं, ही पण तुझीच समजतोस का? तुझी वहिनी आतून बघत होती. वाटलं आता तू आवाज चढवशील. तू चढवला नाहीस. उंबऱ्यावर बसलास, चप्पल काढलीस, परत घातलीस.

"दादा, तुझी एक मी नीट ठेवलीय," म्हणालास. "तुझ्याकडची तू नीट ठेव. गुरुवारी मी येतो न्यायला."

मी म्हटलं, ये, दार बंद असेल. ते माझं शेवटचं वाक्य. तू गल्लीतून वळताना हात वर केलास, मागं न बघता. ती तुझी जुनी खोड, भांडण तुझ्याकडून संपलं की करायचास.

बुधवारी सकाळी तू चहा प्यायलास आणि छातीत कळ आली आणि गेलास. सुमन सांगते, कपात अर्धा चहा होता. डॉक्टर म्हणाले हृदय. मी त्यांना विचारलं, किडनी? ते म्हणाले, काका, किडनीचा काही दोष नाही, ती शेवटपर्यंत चांगली होती. वसू, सगळे रडत होते आणि मला त्या घरात, तुझ्या उशाशी, अभिमान वाटला. लाज नाही वाटली मला त्याची. आपण दोघांनी मिळून चालवली ती, आणि चुकलो नाही.

खाडीवरच्या स्मशानात तुला ठेवलं तेव्हा एक विचार असा आला की मी चितेच्या जवळ सरकलो. सगळ्यांना वाटत होतं म्हातारा भावाला बघतोय. मी बघत होतो ती माझी पण चिता होती. अर्धा मी त्यात होतो. माणसाला स्वतःचं जळणं बघायला मिळत नाही, मला मिळालं. आणि खरं सांगू, भीती वाटली नाही. तू बरोबर होतास.

घरी आलो. संध्याकाळी तुझ्या बिल्डिंगमध्ये सगळे बसलेले. खालच्या दुकानातला शेठ हात जोडून गेला, "बहोत सीधा आदमी था" म्हणाला. मी मनात म्हटलं, तुझ्याशी असेल. मग मी सगळ्यांसमोर सांगितलं की उद्या सकाळी मी मुंबईला हॉस्पिटलात जाणार. झालं, सगळे सुरू. सुतकात कुठं जाता, लोक काय म्हणतील, आठ दिवसांनी जा, दहावा होऊ दे. तुझी वहिनीसुद्धा नको म्हणाली. मी कोणाचं ऐकणारा नाही हे तुला माहीत आहे, पण त्या दिवशी मला कोणीतरी हो म्हणायला हवं होतं. मी सुमनकडे बघितलं. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"भाऊजी, नंबर त्यांनी लावलाय," ती म्हणाली. "चुकवू नका."

तुझ्या वहिनीनं घरी येऊन माझा सदरा धुतला.

तर आता बातमी. गुरुवारी सकाळी अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि दार उघडून उंबऱ्याजवळ थोडा वेळ उभा राहिलो. दार बंद असेल असं मी तुला म्हणालो होतो, ते तेवढं फेडलं. मग निघालो. हॉस्पिटलात विचारलं, सोबत कोण? मी म्हटलं, धाकटा येणार होता. आत नेलं, आडवं केलं. दुर्बीण आत गेली आणि डॉक्टर ओढायला लागले, आणि वसू, नळी येईना! थांबले, परत हळूच फिरवली, परत ओढली. मी छताकडे बघून तुला शिव्या देत होतो, दुसरं कोण सापडणार. मग आली. खरवडत आली. डॉक्टरांनी घाम पुसला आणि म्हणाले, बाबा, अजून थोडे दिवस काढले असते तर अशी निघाली नसती, आणि एकुलती किडनी आहे तुमची. मी म्हटलं, दाखवा आधी.

मीठ, वसू! माझ्या नळीवर मीठ चढलं होतं! आतल्या वळलेल्या टोकाला पांढरे खडे, टोकदार, अगदी आपल्या शेवटच्या वाफ्यातल्या तुकड्यासारखे. डॉक्टर म्हणाले ते खाण्याचं मीठ नव्हे, लघवीतले क्षार. असू देत. मिठागरवाल्याच्या पोटात दुसरं काय पिकणार? आणि खड्यांच्या खाली बुळबुळीत. म्हणजे तुझं तळं आणि माझा वाफा, दोन्ही एकाच नळीवर. आता सांग, कोण जिंकलं?

मी ती बाटली घेऊन थेट जंतूंच्या विभागात गेलो. बाई अजून तिथंच आहे, केस पांढरे व्हायला लागलेत. मला ओळखलं. माझ्या मागं बघितलं, तुला शोधत. मी सांगितलं. तिनं खुर्ची ओढली आणि स्वतःच्या हातानं काच तयार केली.

मी डोळा लावला. तेच गाव होतं, तेच जांभळे घोस, आणि मधे मधे खड्यांचे चमकते डोंगर. मनसोक्त बघितलं. सदरा ओढायला मागं कोणी नव्हतं. बाई म्हणाली, काका, झालं बघून? काढू काच?

मी म्हटलं, जरा थांबा. आणि कोणी न ढकलता एक पाऊल बाजूला सरकून उभा राहिलो.